टाचणीचा प्रश्न

पंपघर मागे पडलं आणि मुनी बोलायला लागला. तोवरचे चार किलोमीटर तो नुसता चालत होता, हात मागे बांधून, खाली बघत. ताईने त्याला एका शब्दाने छेडलं नव्हतं. त्याच्या बोलण्याला पायांची साथ लागते हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पावलं एका तालात पडायला लागली की शब्दही सुटे होऊन बाहेर पडायचे. खुर्चीत बसला की तेच शब्द दाताशी येऊन अडून बसायचे. म्हणून तर महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दोघं भावंडं कालव्याच्या कडेने निघायची. तिच्या घरापासून लोखंडी पुलापर्यंत अकरा किलोमीटर चालायचं आणि तिथून बसने परत.

"उद्या नाव द्यायचंय," तो म्हणाला.

"कसलं नाव?"

"गुरुवारच्या कॉलवर प्रश्न कोण विचारणार, त्याचं. मॅडम म्हणाल्या, तुझं देऊ की शेजारच्या टेबलावरच्याचं, तूच ठरव."

"आणि शेजारच्याचं दिलंस तर?"

"तर ती कंपनी हळूहळू त्याची. मग दुसरी. मग मी मागच्या खोलीत बसून तक्ते भरायचे." तो थोडा वेळ चालला. "वाईट नाही ताई. तिथे खिडकीही आहे."

खिडकीचं तो असं बोलला, जणू जागा बघूनच आला होता. पण ती पटकन कळवळणारी बाई नव्हती. "खिडकी आमच्या हॉस्पिटलच्या भांडारातही आहे," ती म्हणाली, "आणि तिच्यातून मागच्या भिंतीवरचे पाइप दिसतात. खिडकीचं कौतुक मला नको सांगूस."

मुनी हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. चार वर्षांचा असताना तो एक अख्खा दिवस कोणाशी बोलला नाही, तेव्हा काकाने ते ठेवलं. मौनबिन काही नव्हतं. सकाळी पहिल्याच शब्दाला जीभ अडली आणि पोराने दिवसभरासाठी दुकान बंद केलं. घरातल्यांनी बरेच उपाय केले. कोणी म्हणालं गोटी तोंडात धरून बोलायला लावा, कोणी म्हणालं खेकसा म्हणजे भीती मोडेल. खेकसून भीती मोडली नाही, वाढली. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. ती रात्री झोपताना देवाला सांगायची की याची जीभ मोकळी कर, माझी हवी तर थोडी कमी कर, मला नाहीतरी सगळे वटवट म्हणतात. देवाने ती अदलाबदल मनावर घेतली नाही. मुनी मोठा झाल्यावर स्वतःच म्हणायचा, "सगळ्यांना जीभ एकरकमी मिळाली, माझी हप्त्यांवर आहे. अजून फेड चालू."

त्याने एक युक्ती मात्र फार लवकर शोधली होती. जो शब्द अडणार असं वाटायचं त्याला वळसा घालायचा. आईने कात्री आणायला पाठवलं की तो शेजारणीकडे जाऊन "ते कापायचं" म्हणायचा आणि हटकून सुरी घेऊन यायचा. दुकानात खडू हवे असले तर "पांढरं लिहायचं" म्हणायचा. एकदा क्रिकेटची बॅट घ्यायला गेला आणि हॉकीची काठी घेऊन आला, कारण बॅटमधला ब त्या दिवशी ऐकत नव्हता. वडील कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे, हॉकी खेळतोस तरी का?" तो म्हणाला, "आता शिकावी लागेल."

आणि गंमत अशी की पुढे याच खोडीवर त्याचं पोट चाललं.

मुनी शेअर बाजारातला विश्लेषक. ताईच्या हॉस्पिटलमधल्या नर्सबाईंनी एकदा विचारलं होतं, तुमचा भाऊ नेमकं करतो काय? ताई म्हणाली, कंपन्यांच्या साहेबांना प्रश्न विचारतो. त्याचा पगार मिळतो? मिळतो. नर्सबाई म्हणाल्या, "मी घरी नवऱ्याला हेच करते, आणि फुकट."

काम थोडक्यात असं. मोठमोठ्या कचेऱ्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या आठ कंपन्या त्याच्याकडे होत्या. त्यांचे शेअर लोकांनी घ्यावेत की विकावेत, यावर तो अहवाल लिही. कोणी आयुष्यभराची पुंजी त्या शब्दावर लावत, म्हणून तो एकेका ओळीला दोन दोन दिवस घेई. दर तीन महिन्यांनी प्रत्येक कंपनीचा सगळ्या विश्लेषकांबरोबर फोनवर एक कॉल असे. आधी कंपनीचे प्रमुख आणि वित्तप्रमुख लिहून आणलेलं भाषण वाचत: तिमाही कशी छान गेली, पुढची कशी आणखी छान जाणार. मग मधली ऑपरेटर बाई म्हणे, आता प्रश्न घेऊया. फोनवरचं चांदणीचं बटण आणि एकचं बटण दाबलं की तुम्ही रांगेत उभे. नंबर आला की एक प्रश्न विचारायचा, फार तर एक पुरवणी.

यातही एक रीत पडलेली. आधी "उत्तम तिमाहीबद्दल अभिनंदन" म्हणायचं, मग "मला संधी दिल्याबद्दल आभार" म्हणायचं, आणि मग एका प्रश्नात तीन प्रश्न गुंफून विचारायचे, म्हणजे ऐकणाऱ्यांना आपण केवढे अभ्यासू ते कळावं. साहेब लोक अशा प्रश्नांवर खूश असत. तिघांतला सगळ्यात सोपा उचलायचा, त्यावर भरभरून बोलायचं, उरलेले दोन तसेच हवेत विरून जायचे.

मुनीला हे परवडण्यासारखं नव्हतं. अभिनंदन हा शब्द त्याला दहा पायऱ्या चढण्याइतका जड पडे. तो नंबर आला की नमस्कार करून थेट प्रश्न विचारी, फार तर सात-आठ शब्दांचा. लोकांना आधी वाटलं माणूस शिष्ट आहे. मग लक्षात आलं की याच्या प्रश्नात लपायला जागाच नसते. एकदा त्याने विचारलं, "गेल्या वेळचे अकरा ग्राहक यंदा यादीत का नाहीत?" पलीकडे कागदांची सळसळ झाली आणि मग तिघे एकदम बोलायला लागले. त्यानंतर एका वित्तप्रमुखाने लिफ्टसमोर गाठून त्याला सांगितलं, "तुम्हाला आमच्याकडे काय म्हणतात ठाऊक आहे? टाचणी. तुमचा नंबर रांगेत दिसला की मला घास गोड लागत नाही हो." माणूस हसतमुख, आवाजात साखर घोळलेली. मुनीला तो आवडला होता. त्यालाही वरून कोणी धरलेलं असणार, असं तो ताईला म्हणाला.

पण खरी विद्या छोट्या प्रश्नात नव्हती. ती कानात होती. साहेब लोक भाषण वाचताना मुनी मागच्या तिमाहीचं भाषण समोर ठेवून बसे आणि कोणत्या शब्दाच्या जागी कोणता आला ते पेन्सिलीने टिपत जाई. "सर्व ग्राहक"चं "बहुतेक ग्राहक" झालं. "वापरतात"चं "निवडलं आहे" झालं. दुसऱ्यांना ते ऐकू यायचं नाही. त्याला यायचं. "मी जन्मभर शब्दांना वळसे घातलेत," तो म्हणायचा. "दुसरा कोणी घालायला लागला की त्याची चाल मला दुरून ओळखू येते. हा कात्री आणायला गेला होता आणि हातात सुरी आहे, हे मला बघता क्षणी कळतं."

तर या साखरआवाजी साहेबांच्या कंपनीचं एक सॉफ्टवेअर होतं, भांडारं सांभाळणारं. ते ताईच्या हॉस्पिटलनेही घेतलं होतं. दीड वर्षापूर्वी फीत कापून, पेढे वाटून, फोटो काढून ते सुरू झालं. पुढे ज्या एका माणसाला ते चालवता येत होतं त्याची बदली झाली आणि त्याच्याबरोबर पासवर्डही गेला. नवा पासवर्ड आला तेव्हा औषधांच्या यादीत अर्धी औषधं नव्हती. भांडारात सगळं पहिल्यासारखं वहीवर चालू राहिलं. फक्त शनिवारी ताई आणि तिची सोबतीण बसून आठवड्याच्या नोंदी एकदम त्यात भरत, म्हणजे वरच्या साहेबांच्या पडद्यावर सगळं हिरवं दिसावं. बाकी आठवडाभर त्या कॉम्प्युटरवर हातमोज्यांची खोकी.

हे ताईने मागे एकदा याच कालव्यावर हसत हसत सांगितलं होतं. मुनी हसला नाही. तो पुढचे दोन महिने रजेच्या दिवशी हिंडत होता: गोदामं, दोन कॉलेजं, एक टायरचा कारखाना, एक पाणीपुरवठा कचेरी. चौदा जागा. नऊ ठिकाणी ते सॉफ्टवेअर विकत घेतलेलं होतं आणि चालू नव्हतं. एके ठिकाणी तर कोणत्या खोलीत आहे यावर दोन कारकुनांचं भांडण लागलं. चौदा जागांवरून अहवाल लिहिता येत नाही, पण प्रश्न विचारता येतो. प्रश्न त्याने आठवडाभर घासून लहान केला. "तुमच्या शंभर ग्राहकांपैकी किती जण ते रोज वापरतात?" त्यातूनही आणखी कापत आणलं: "शंभरातले किती रोज वापरतात?"

मागच्या तिमाहीच्या कॉलवर त्याचा नंबर आला. नमस्कार झाला. "शंभरातले" झालं. आणि "किती"ला जीभ टाळूला चिकटली.

तोतरेपणा म्हणजे क-क-क असा आवाज, असं लोकांना वाटतं. तसंही होतं. पण कधीकधी काहीच होत नाही. आतून माणूस जीव तोडून ढकलत असतो, मान ताठ होते, डोळे मिटतात, आणि बाहेर नुसती शांतता. खोलीत असाल तर ते दिसतं. फोनवर काय दिसणार? नऊ सेकंद गेली. मग ऑपरेटर बाईचा शांत, शिकवलेला आवाज आला: "प्रश्नकर्त्यांची लाइन तुटलेली दिसते. पुढचा प्रश्न घेऊया."

पुढच्याने उत्तम तिमाहीबद्दल अभिनंदन केलं.

कॉलचं छापील इतिवृत्त निघालं त्यात मुनीच्या नावापुढे कंसात तीन शब्द होते: लाइन तुटली आहे. कचेरीत कोणी हसलं नाही, तेच त्याला जास्त लागलं. सगळे फार चांगले वागले. कोणी कॉफी आणून दिली. मॅडम, म्हणजे त्याच्या विभागाच्या प्रमुख, स्वतः उठून त्याच्या टेबलाशी आल्या. प्रश्न तूच तयार कर, म्हणाल्या, विचारायला शेजारचा आहे ना, त्याचा आवाज रेडिओसारखा आहे. आणि आता गुरुवारी त्याच कंपनीचा पुढचा कॉल होता.

"आणि खरंच आहे गं," मुनी आता कालव्यावर म्हणत होता. "बु... बुळबुळीत नाही. माणूस वाईट नाही. मागच्या पंधरवड्यात एका दुसऱ्या कंपनीच्या कॉलवर त्याने माझा प्रश्न विचारला."

"मग?"

"आधी अभिनंदन केलं. मग आभार मानले. मग माझा प्रश्न विचारला, आणि तो एकटा उघडाबोडका वाटला असेल, म्हणून त्याला सोबत म्हणून नव्या भरतीबद्दल एक विचारला."

"आणि साहेबांनी भरतीबद्दल सांगितलं."

"दहा मिनिटं. शेवटी शेजारच्याला म्हणाले, फार छान प्रश्न."

ताईला हसू आवरेना. मुनीही हसला, मग दोघंही थांबून हसली, आणि थांबल्यामुळे मुनीचं पुढचं वाक्य अडलं. ताईच्या जिभेवर त्याचा शब्द तयार होता. जन्मभर ती तो पुरा करत आली होती. वाण्याकडे, लग्नात, बँकेत. आज तिने तोंड मिटून घेतलं आणि चालायला लागली. तो मागून आला, आणि आठ-दहा पावलांवर ते वाक्य आपोआप सुटलं.

"मी म्हणत होतो, त्याला दोष नाही. त्याला शांतता सहन होत नाही. बहुतेकांना होत नाही. मी प्रश्न विचारून गप्प बसतो ना, ती माझी अर्धी कमाई आहे. समोरचा ती भरायला जातो आणि खरं बोलून बसतो."

"मग दुसरा शब्द घे," ताई म्हणाली. कितीतरी वेळ हे तिच्या मनात होतं. "किती नको. आकडा सांगा, म्हण."

"आकडा सांगा म्हटलं की ते म्हणतात, असे आकडे आम्ही जाहीर करत नाही. पाठ असतं त्यांचं. शंभरातले किती, म्हटलं की माणूस मनातल्या मनात मोजायला लागतो. मोजायला लागला की आवाज बदलतो."

"प्रमाण म्हण. वाटा म्हण."

"ताई." तो थांबला नाही, पण पावलं मंदावली. "तो साहेब वळसा घालतोय म्हणून मी त्याला धरायला निघालोय. आणि मीच वळसा घालून जाऊ? चाळीस वर्षं सुऱ्या आणल्या घरात. हा एक शब्द मला त्याच्याच नावाने मागायचाय."

हा हट्ट होता की शहाणपण, ताईला ठरवता येईना. तिचा नवरा बरोबर असता तर म्हणाला असता, मेव्हण्याने आता खिडकीजवळ बसावं आणि सुखाने तक्ते भरावेत. वाईट हेतूने नव्हे; त्याला मुनीचा जीव घाबरा झालेला बघवत नसे. तिलाही बघवत नव्हतं. पण शनिवारी त्या खोट्या हिरव्या नोंदी भरताना तिला स्वतःचीच लाज वाटायची, आणि ते कोणीतरी उघडपणे विचारावं असं तिला फार वाटत होतं. मनातल्या मनात ती म्हणाली, देवा, याचं काय चांगलं ते तू बघ, मला कळत नाहीये.

मग तिला जे साधं सुचलं ते तिने विचारलं. "त्या ऑपरेटर बाईला माहीत आहे का?"

"काय?"

"तू अडखळतोस ते."

मुनीने वाटेतला एक खडा पायाने कालव्यात ढकलला.

"मधली बाई आहे ना ती? तिला कसं कळणार? माझ्यासमोर फोन असा नऊ सेकंद गप्प झाला तर मीही ठेवीन. आमच्या खिडकीवर एक आजोबा येतात, त्यांना ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी मी तीनदा हाक मारून पुढच्याला घेतलं. मग त्यांच्या सुनेने सांगितलं. आता मी त्यांच्यासमोर हात हलवते. त्यात काय आहे?"

"वीस वर्षं मी हे काम करतोय," तो म्हणाला, "आणि कागदावर कुठेही लिहून दिलेलं नाही."

"का?"

"लिहिलं की ते खरं होईल असं वाटायचं."

"आणि न लिहून खोटं झालं?"

"तुझ्या तोंडी लागणं म्हणजे..." तो म्हणाला आणि त्याने वाक्य अर्ध्यात सोडून दिलं. ते अडलं नव्हतं.

लोखंडी पूल दिसायला लागला होता. पुलाखाली दोन बायका सतरंज्या धूत होत्या, आणि सतरंजी आपटलेली दिसल्यानंतर क्षणभराने तिचा आवाज यायचा. बसथांब्याच्या बाकावर दोघं बसली. ताईने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, स्वतः घोटभर प्यायली, त्याला दिली. आता बसल्यावर तो बोलणार नाही असं तिने धरलं होतं. बस यायला अवकाश होता.

"नाव माझंच देतो," तो म्हणाला. बसून. पहिल्या शब्दाला दोन झटके बसले, बाकीचे आले.

ताईने नुसती मान हलवली.

"पण उद्या सकाळी नावाबरोबर त्या कॉलवाल्यांना एक पत्र जायला हवं. तीन-चार ओळींचं. तू म्हणतेस तसं." त्याने बाटलीचं झाकण लावलं, परत काढलं. "मी काल रात्रीच लिहायला बसलो होतो, ताई. तू आत्ता म्हणालीस, पण माझ्याही मनात होतं. दीड पान झालं. वाचून बघितलं तर सगळीकडे माफीच. आपला अमूल्य वेळ, आपल्याला होणारी गैरसोय. अहवालात मी एकेक शब्द कापतो, आणि इथे मला एक कापता येईना."

"मग?"

त्याने खिशातून घडी घातलेला एक कोरा कागद आणि पेन काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. म्हणजे हा घरून तयारीनेच निघाला होता. ताई कागदाकडे बघत राहिली. शाळेत तिचं अक्षर वळणदार म्हणून नाव होतं. आता भांडाराच्या वहीत औषधांची नावं लिहिण्यापलीकडे ती काही लिहीत नव्हती.

"मी? अरे, मला असलं कचेरीचं भारी भारी लिहिता येत नाही."

"म्हणूनच," मुनी म्हणाला. "तू लिही. तू त्या आजोबांबद्दल कोणाला सांगशील ना, तसं. कृपया नको, सांभाळून घ्या नको, दिलगीर तर अजिबात नको. एवढंच लिही की हा माणूस तोतरा आहे. गप्प असला तरी लाइनवर आहे. थांबा."